तीन चाकांवरचे काका

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला सात वेळा पाडलं. आठव्यांदा मी स्वतःहून पडलो, तेव्हा म्हणाले, "आता जमलं. चल, चहा घे."

दुबईच्या पुढे, रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात मी क्वालिटीत होतो आणि ते मेंटेनन्सचे इनचार्ज होते. कारखान्यात सगळे पाकिस्तानी फिटर त्यांना उस्ताद म्हणायचे, मलयाळी मंडळी सरजी म्हणायची आणि आम्ही चार मराठी घरं काका. मूळचे ठाण्याचे. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकुळे, आणि चालणं असं की प्रत्येक पावलाला जमीन आहे की नाही याची खात्री करून मगच ते दुसरं पाऊल उचलत. या माणसाकडे वाळवंटात पळवायची तीन चाकांची गाडी आहे, हे मला कुणी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ती थट्टा वाटली.

गाडी खरंच होती. लाल, जपानी, बरीच जुनी. पुढे एक, मागे दोन अशी तीन फुगीर चाकं, मध्ये मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल. असल्या गाड्या बनवणं कंपन्यांनी कधीच बंद केलंय, कारण त्या उलटतात. आता वाळूत सगळीकडे दिसतात त्या चार चाकांच्या क्वाड बाइक. काकांना ही गाडी एका अरबाच्या मळ्यात सापडली होती. पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले होते. शेळ्यांच्या गोठ्याशेजारी तिच्यावर कोंबड्या बसलेल्या. पंप चालू झाल्यावर मालक खिशात हात घालू लागला, तर हे म्हणाले, "ते नको. कोंबड्यांच्या खाली जे आहे ते द्या." मालक म्हणे इतका हसला की त्याने दोन कोंबड्याही बरोबर दिल्या. कोंबड्या काकांनी शेजाऱ्याला देऊन टाकल्या आणि गाडी आठ महिने खपून उभी केली.

"काका, पण चार चाकांची का नाही घेतली? सेफ असते," मी एकदा विचारलं.

"चार पायांवर खाटसुद्धा उभी राहते," ते म्हणाले. "तीनवर उभं राहायला वर माणूस लागतो."

गाडीशी ते अहो-जाहो करत. "अहो, चला आता, ऊन व्हायच्या आत परत यायचंय," असं टाकीवर हात ठेवून म्हणत आणि मग दोरी ओढून इंजिन चालू करत. काकू शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या असत, गळ्यात शिट्टी अडकवून. एक शिट्टी म्हणजे परत या, दोन म्हणजे चहा गाळला, आणि तीन म्हणजे आता मला कंटाळा आला. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला," काकू मला म्हणाल्या होत्या, "मला कधी 'तू'शिवाय हाक नाही. मलाही वाटतं, तीन चाकं बसवून घ्यावीत."

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. नोव्हेंबर लागला की दर शुक्रवारी पहाटे त्यांचा पिकअप आमच्या बिल्डिंगखाली यायचा. मागे दोरीने आवळलेली गाडी, एक लाकडी फळी, हवेचा हातपंप आणि पाण्याच्या बारा बाटल्या. रस्त्यावरच्या कॅफेटेरियातून तिथला दाट, कडक करक चहा घ्यायचा, सिमेंट फॅक्टरीचा धुरळा मागे टाकायचा आणि अर्ध्या तासात तांबडी वाळू सुरू. काका आधी चाकांतली हवा काढायचे. तळहाताने टायर दाबून बघायचे, आंबा पिकलाय का ते बघतात तसे. चाक मऊ असलं की वाळूवर पसरतं आणि रुतत नाही.

मग पडायचा तास. कोणीही नवा माणूस आला की त्याला आधी पडावं लागे. मऊ वाळूच्या उतारावर गाडी जवळजवळ थांबलेली ठेवून ते ती कलती करायचे आणि आपण उडी मारून लांब पडायचं. "पाय खाली टेकवायचा नाही," ते ओरडायचे. "सायकलची सवय घरी ठेवून ये. इथे पाय टेकवलास की मागचं चाक त्याच्यावर चढतं. गाडी पडतेय ना, पडू दे. तू वेगळा पड!"

आमच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर एकदा बायकोमुलांना घेऊन आले आणि म्हणाले, "यार, एक चक्कर तो दे दो." काका शांतपणे म्हणाले, "सर, पहले गिरना पड़ेगा." साहेबांनी बायकोकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि क्लायंटचा फोन आल्यासारखं करून निघून गेले. सोमवारी मीटिंगमध्ये काकांना कुत्सितपणे काहीतरी बोललेही. पण पुढच्या शुक्रवारी ते एकटेच आले, ट्रॅक पँट घालून, आणि निमूट अकरा वेळा पडले. त्यानंतर कारखान्यात काकांच्या स्पेअर पार्ट्सची एकही फाइल अडली नाही.

दुसरा नियम चालण्याचा. टेकडीच्या माथ्यावर गाडीने जायच्या आधी काका चालत जायचे. पलीकडची बाजू बघायचे, खाली यायचे, आणि मग गाडीवर बसायचे. वाऱ्याने टेकडीची पलीकडची बाजू कधी कधी सरळ कापल्यासारखी होते. अलीकडून काही दिसत नाही, आणि वेगात वर गेलेला माणूस सरळ हवेत जातो. म्हणून प्रत्येक टेकडी आधी पायांनी. तासाभराच्या सफरीत चाळीस मिनिटं चालणं. क्वाडवाली पोरं बाजूने धूळ उडवत जायची आणि हसायची. "हबीबी, बाइक खराब?" एकाने विचारलंही. काकांनी त्याला सलाम केला आणि वर चढत राहिले.

पण उरलेली ती वीस मिनिटं! ती मला अजून आठवतात. वळताना अंग आत झुकवायचं आणि भार बाहेरच्या पायावर द्यायचा, हे एकदा अंगात मुरलं की गाडी आपल्याला विचारून वळते असं वाटायचं. मागची चाकं वाळूतून गोल घसरत यायची, पिठात बोट फिरवावं तशी. चढावर पुढचं चाक हलकं व्हायचं, छाती हँडलवर टेकवावी लागायची, आणि माथ्यावर पोचून गॅस सोडला की एकदम सगळा आवाज संपायचा. समोर पहिलं ऊन पडलेलं, लांब डोंगर जांभळे, आणि आपल्याच छातीचे ठोके. पस्तिशीच्या, पोट सुटू लागलेल्या, इन्क्रीमेंटची काळजी करणाऱ्या माणसाला त्या क्षणी मोठ्याने ओरडावंसं वाटायचं. मी ओरडायचोही. खालून काकूंची एक शिट्टी यायची.

मुलांना मात्र काका गाडीवर घेत नसत. सोळा वर्षांच्या खाली कोणी नाही, पुढे बसवून नाही, मागे बसवून नाही, नुसता फोटो काढायलाही नाही. यावरून एका कुटुंबाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. माझी सई तेव्हा सात वर्षांची होती. ती येऊन काकूंजवळ बसायची, वाळूत बोटाने रस्ते काढायची आणि गाडीकडे बघत राहायची.

त्या जानेवारीतल्या शुक्रवारी आम्ही तीन कुटुंबं पिकनिकला गेलो होतो. माझी बायको ड्युटीवर होती, ती नर्स आहे. दहाच्या सुमाराला लांबवर कोणाची तरी मोटार वाळूत रुतली म्हणून काका दोर घेऊन पिकअपमधून निघाले. जाताना त्यांनी गळ्यातली तीनचाकीची चावी काढून माझ्या हातात दिली.

"सांभाळ. कोणाला देऊ नकोस." दोन पावलं जाऊन परत आले. "तूपण नको. उन्हाने वाळू सैल झालीय."

ते गेले आणि सई माझ्या शर्टाला लोंबकळली. "बाबा, जस्ट वन राउंड. प्लीज. फ्लॅटवरच."

आमच्यासमोर दोन टेकड्यांच्या मधे सपाट, टणक जमीन होती. तिथे बाकीचे बाप आपापल्या मुलांना भाड्याच्या क्वाडवर पुढे बसवून फिरवत होते. मला वाटलं, काका बोलले ते वाळूबद्दल. इथे वाळू कुठे आहे? काकू डबे उघडण्यात गुंतल्या होत्या. मी काकांचं हेल्मेट सईच्या डोक्यावर चढवलं. ते तिला इतकं मोठं होतं की मान वळवली तरी हेल्मेट समोरच बघत राही. तिला पुढे बसवलं आणि निघालो.

सरळ गेलो तोवर सगळं छान होतं. सई हेल्मेटच्या आत काहीतरी ओरडत होती. मग मी वळवली.

काकांनी हे मला सांगितलं होतं, पण मी कानाआड केलं होतं. वाळूत चाक घसरतं म्हणून ही गाडी वळते. टणक जमिनीवर चाक घसरत नाही, तिथे सगळी गाडीच उलटते. आतलं चाक उचललं गेलं. पुढे मूल, त्यामुळे मला झुकता येईना. आणि मी, ज्याला सात वेळा पाडून शिकवलं होतं, त्याच मी सायकलवरून उतरावं तसा पाय खाली टेकवला.

चाक घोट्यावर चढलं तो आवाज मला ऐकू आला. सई पुढे उडाली. गाडी आडवी होऊन तिचं इंजिन किंचाळत राहिलं.

काकांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नुकताच परत आलेला पिकअप तसाच सोडून ते पळत आले, माझ्यावरून पलीकडे गेले, सईपाशी गुडघ्यावर बसले. गाडीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. इंजिन काकूंनी बंद केलं. सई शुद्धीवर होती, डोक्याला काही नव्हतं, पण डावा हात कोपराच्या खाली वाकडा दिसत होता. काकूंच्या ओढणीने तो त्यांनी छत्रीच्या दांड्याला बांधला. मला दोघांनी उचलून पिकअपच्या मागे आडवं केलं.

हॉस्पिटलपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मधली काच उघडी होती, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू येत होतं.

"सई, सात सत्ते?"

"फॉर्टी नाइन," ती हुंदके देत म्हणाली.

"सात आठे?"

"फिफ्टी सिक्स. काका, इट हर्ट्स."

"माहीत आहे गं. सात नवे?"

सातचा संपला, आठचा संपला, नऊच्या मध्यावर हॉस्पिटल आलं.

सईच्या हाताला प्लास्टर, माझा घोटा मोडलेला. अपघाताची केस म्हणून एक पोलीस अधिकारी आले. पांढरट दाढीचे, वयस्कर, स्थानिक गृहस्थ. मी व्हीलचेअरवर, काका शेजारी उभे. पोलीससाहेबांनी आधी सईला बघितलं, तिच्या गालाला हात लावला, आणि मग वही उघडली.

"गाडी किसका?"

"मेरा," काका म्हणाले. "गलती मेरी है. जो लिखना है, मेरे नाम पे लिखो."

मी गप्प बसलो. हे मला लिहिलंच पाहिजे. मोजून एखादं मिनिट असेल, पण त्या मिनिटात माझ्या डोळ्यांसमोरून नोकरी गेली, व्हिसा गेला, मुलीला धोक्यात घातल्याची केस गेली, आणि ड्युटीवरून निघून टॅक्सीत बसलेली माझी बायको गेली. समोर एक माणूस सगळं अंगावर घेत होता आणि मी त्याला घेऊ देत होतो. पोलीससाहेबांनी पेन टेकवलं तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"नहीं सर. गाडी मैं चला रहा था. इन्होंने मना किया था. चाबी मेरे पास छोड़ी थी, भरोसे पे."

"भाईसाब, आप मेरी बात सुनो," काका घाईने म्हणाले, "मुझे और भी कुछ बोलना है..."

"खलास, खलास." त्यांनी हात वर केला. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "दोनों बोलता है गलती मेरा. इतना साल में पहली बार सुना." मग वही मिटून ते खुर्चीवर बसले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मोठ्या भावाकडे अशीच तीन चाकांची गाडी होती, म्हणाले. सगळी भावंडं तिच्यावर शिकली. "बहुत मज़ा. बहुत. मेरा भाई का पैर आज भी टेढ़ा है." माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, तोवर पोचलेल्या बायकोसमोर मला पाच मिनिटं झापलं, आणि उठताना काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तीन चाक खलास. ठीक?"

"खलास," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले. माझ्या बायकोने दार उघडलं, आत घेतलं नाही. "काका, आज नको," म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेल वाजवलीच नाही. बाहेर जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसले आणि बिस्किटांच्या डब्यातून एकेक वस्तू काढून मांडू लागले. कार्ब्युरेटर होता तो. त्यांनी गाडी खोलायला घेतली होती.

सई दाराच्या फटीतून बघत होती. "व्हॉट इज दॅट?"

"हे गाडीचं नाक. यातून ती श्वास घेते. ये, धर ब्रश. एका हाताने जमतं."

अर्ध्या तासाने माझी बायको चहाचे कप घेऊन जिन्यात गेली. तीही पायरीवर बसली. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी आत पाय वर टांगून पडलो होतो. पण चौथ्या दिवशी वर्तमानपत्र आमच्या हॉलमध्ये पसरलेलं होतं.

सईचं प्लास्टर निघेपर्यंत ते रोज संध्याकाळी गाडीचा एक भाग घेऊन यायचे. चेन, ब्रेक, पिस्टन. ते मराठीतून समजावायचे, ती इंग्लिशमधून प्रश्न विचारायची, आणि दोघांचे हात काळे. शेवटी नुसता सांगाडा उरला, तो भंगारात गेला. या सगळ्यात काकांनी एकदाही सुस्कारा टाकला नाही. मी माफीचा विषय काढला की म्हणायचे, "तुझा घोटा कसा आहे?" फक्त काकूंनी एकदा मला हळूच सांगितलं, की शुक्रवारी पहाटे ते अजूनही पाचला उठतात, खाली जातात, आणि पार्किंगमध्ये पिकअपमध्ये नुसते बसून येतात.

मग हळूहळू आम्ही पुन्हा जायला लागलो. गाडी नाही. नुसतं चढायचं आणि पलीकडे काय आहे ते बघून उतरायचं. सईही यायची. मी लंगडत सगळ्यांच्या मागे.

असा आठ वर्षांचा काळ गेला. गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. दोन मोठ्या बॅगा, काकूंचा मिक्सर आणि हवेचा तो हातपंप घेऊन दोघं ठाण्याला परत निघाले. आम्ही त्यांना दुबईच्या विमानतळावर सोडायला गेलो. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "उठ, घोटा दुखेल." सईच्या डोक्यावर मात्र ते नुसता हात ठेवून उभे राहिले. ती आता त्यांच्याहून उंच झालीय.

परतताना गाडीत ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आय हॅव टु टेल यू समथिंग. काका मला एकदा घेऊन गेले होते. ऑन द ट्राइक. तो अ‍ॅक्सिडेंट झाला ना, त्याच्या आधीच्या फ्रायडेला. तू चटईवर झोपला होतास, काकू कोणाशी तरी फोनवर होत्या. ही सेड ओन्ली वन राउंड. वुई डिड थ्री. कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. दॅट्स व्हाय आय केप्ट आस्किंग यू."

मी मोटार कडेला घेतली. बायको मागच्या सीटवर होती. 

रात्रभर मला झोप आली नाही असं मी म्हणणार नाही, मी झोपलो. पण सकाळी उठल्याबरोबर ठाण्याला फोन लावला. काकांनीच उचलला. प्रवास नीट झाला, घरात धूळ फार आहे, नळाचे वायसर गेलेत, हे सगळं सांगून झालं.

"काका," मी म्हटलं, "सईने सांगितलं."

"काय?"

"तीन राउंड."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्या पोलिसासमोरच सांगणार होतो," ते म्हणाले. "तू मध्येच खरं बोललास. मला बरं वाटलं रे. तुझ्याबद्दल. आणि त्या बरं वाटण्यात माझं सांगायचं राहून गेलं."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं रोज राहून गेलं. जिन्यात तुझ्या बायकोला सांगायला गेलो होतो, तर ती चहा घेऊन आली. आता चहा घेऊन आलेल्या बाईला काय सांगणार?"

मला राग यायला हवा होता. मी थांबून बघितलं, येतोय का. नाही आला. मी एवढंच विचारलं, "पण काका, तुम्ही? तुम्ही कशी बसवलीत तिला?"

"तिने मागितलं नव्हतं. ती नुसती गाडीजवळ उभी होती, सीटवर हात ठेवून. मी लहानपणी लोकांच्या गाड्यांजवळ असाच उभा राहायचो. कोणी बसवलं नाही कधी."  मागे काकू काहीतरी विचारत होत्या, त्यांना थांब म्हणाले. "चालण्याच्या वेगाने नेली, शपथ. पहिला राउंड झाला. ती म्हणाली, वन मोअर. दुसरा झाला."

"आणि तिसरा?"

"तिसरा तिने मागितला नव्हता रे," काका म्हणाले. "तिसरा माझाच होता."